सापा-पालींची खोली: ऊब आणि ओल यांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक हे साप, लेपर्ड गेको ही पाल, इग्वाना हा सरडा, सल्काटा कासव असे परदेशी प्राणी पाळणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. परदेशातल्या मार्गदर्शिका चांगल्या असतात, पण त्या बर्फ पडणाऱ्या गावांसाठी लिहिलेल्या. आपल्याकडे जांबोटीत जुलैमध्ये भिंतीतून पाणी पाझरतं आणि त्याच जिल्ह्यात अथणीला शेतकरी आभाळाकडे बघत बसलेला असतो. एकच सल्ला दोन्हीकडे चालणार कसा?

आधी हे सांगा, असे प्राणी पाळणं कायद्यात बसतं का?

आपल्या रानातला कुठलाही साप, घोरपड किंवा कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. ‘तारा कासव लक्ष्मी आणतं’ म्हणून कोणी विकायला आलं तर घेऊ नका. तो सरळ गुन्हा आहे. धामण कौलातून घरात उतरली तर वनखात्याला कळवा, तिच्यासाठी टाकी (प्राणी ठेवायची काचेची पेटी) शोधत बसू नका.

परदेशी जातींचं वेगळं आहे. कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यामुळे साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या जिवंत प्राण्यांची नोंद सक्तीची झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार ती ‘परिवेश’ पोर्टलवर करायची असते. बॉल पायथन, हिरवा इग्वाना, सल्काटा या यादीत आहेत, कॉर्न स्नेक नाही. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवावं लागतं. नोंद त्या त्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे जाते. म्हणजे निपाणीतला प्राणी कोल्हापूरच्या मेहुण्याला द्यायचा झाला, तर अंतर तासाभराचं असलं तरी राज्य बदलतं. कागद आधी करा, मग गाडीत बसवा.

हीटर लावला की खोली कोरडी पडते. हीटर पाणी शोषतो का?

नाही. हवेतलं पाणी तेवढंच राहतं. पण गरम हवेत जास्त पाणी मावतं, आणि हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) दाखवतो तो टक्का ‘मावण्याजोग्या पाण्यापैकी सध्या किती आहे’ याचा असतो. हवा तापली की तो टक्का आपोआप घसरतो.

जानेवारीतली पहाट धरा. बाहेर १६ अंश, आर्द्रता ७० टक्के. हीच हवा खोलीत येऊन २८ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता साधारण ३४ टक्के उरते. बॉल पायथनची कात तुकड्या-तुकड्यांनी निघायला एवढं पुरतं.

आता तोच हीटर जुलैत लावा. बाहेर २२ अंश आणि ९५ टक्के. २८ अंशांना ती हवा सुमारे ६६ टक्क्यांवर येते. बॉल पायथनला हवी तशीच! पाणी फवारायची गरज नाही, ह्युमिडिफायर (हवेत ओल सोडणारं यंत्र) कपाटात ठेवा.

बेळगावकडे एकच यंत्र हिवाळ्यात अडचण करतं आणि पावसाळ्यात औषधासारखं उपयोगी पडतं. त्यामुळे ‘दिवसातून दोनदा फवारा मारा’ असला बारमाही सल्ला कोणी दिला तर आधी विचारा, कुठल्या महिन्यात आणि कुठल्या तालुक्यात?

खोली तापवू की प्रत्येक टाकी वेगळी?

चार-सहा टाक्या असतील तर टाक्याच तापवा, माझं मत ठाम आहे. प्राण्याला सगळीकडे सारखी ऊब नकोच असते. एका टोकाला गरम, दुसऱ्या टोकाला गार अशी जागा हवी, म्हणजे तो हवा तेव्हा सरकतो. हीटर लावून अख्खी खोली ३० अंश केलीत तर त्याला पळायला जागाच उरत नाही.

पाण्याचा हिशोबही बघा. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे सुमारे २८ घनमीटर हवा. वरच्या जानेवारीच्या उदाहरणात ती ३४ वरून ६० टक्क्यांवर न्यायला सुमारे २०० मिली पाणी हवेत जावं लागतं. थोडं वाटतं, पण दारं-खिडक्यांच्या फटींतून दर तासाला निम्मी हवा बदलते असं धरलं तर दिवसाला जवळपास अडीच लिटर पाणी सतत घालत राहायचं. ते शेवटी भिंतीवर बुरशी होऊन दिसतं. तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंदी-उंचीच्या टाकीत तेवढाच फरक भरायला दीड मिलीसुद्धा लागत नाही. जाळीच्या झाकणातून ओल निघून जाते हे खरं, पण झाकणाचा दोन-तृतीयांश भाग ॲक्रिलिकने झाकला की बरंच काम होतं.

पंधरा-वीस टाक्या असतील तर मधला मार्ग: खोली २४-२५ अंशांवर धरा आणि वरची ऊब टाकीच्या हीट मॅटने (विजेवर तापणारी पातळ चटई) किंवा दिव्याने द्या.

खोलीसाठी कोणता हीटर?

तेल भरलेला, धातूच्या उभ्या पट्ट्यांचा ऑइल हीटर. हळू तापतो, हळू निवतो, हवा उडवत नाही आणि लाल तार उघडी नसते. ब्लोअर स्वस्त, पण एका बाजूच्या टाक्या भाजून काढतो आणि धूळ उडवतो. उघड्या रॉडचा हीटर बंद खोलीत रात्रभर लावायची वस्तू नाही.

टाकीसाठी हीट मॅट, सिरॅमिक एमिटर (उजेड न देता तापणारा चिनी मातीचा बल्ब), हॅलोजन दिवा यांपैकी काहीही चालेल, प्राण्यावर अवलंबून आहे. सिरॅमिक एमिटर चालू असताना त्याचा पृष्ठभाग २०० अंशांच्या वर जातो. त्याला चिनी मातीचाच होल्डर लावा, प्लास्टिकचा वितळतो. भोवती जाळीही हवी, नाहीतर साप त्यालाच विळखा घालतो. मॅटवर जाड माती टाकू नका, उष्णता अडकून काच तडकते.

कोळशाची शेगडी चालेल? आमच्याकडे गुरांच्या गोठ्यात ठेवतात.

गोठा उघडा असतो. बंद खोलीत शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. प्राणी मरतीलच, सकाळी दार उघडणाऱ्यालाही धोका. बिनधुराड्याचा गॅस हीटर तसाच बाद.

थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारं यंत्र) लावायलाच हवा का?

हो. यात वाद नको. हीट मॅटला स्वतःचं तापमान कळत नाही, ती तापतच राहते आणि सापाच्या पोटाला भाजतं. सापाला भाजल्याचं लवकर समजत नाही, तो त्याच जागी बसून राहतो.

कोंबडीच्या अंड्यांच्या इन्क्युबेटरला लावतात तो डिजिटल टेंपरेचर कंट्रोलर मॅटला चालतो. त्याचा सेन्सर मॅट आणि टाकीचा तळ यांच्यामध्ये चिकटवा, हवेत लोंबकळता ठेवू नका. दोन हजार वॅटचा हीटर मात्र या छोट्या कंट्रोलरवर थेट टाकू नका. जवळपास नऊ ॲम्पिअर प्रवाह रात्रभर चालू-बंद होत राहिला की रिले (कंट्रोलरच्या आतला स्विच) चिकटतो आणि हीटर बंदच होत नाही. मध्ये कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह पेलणारा स्विच) घालून घ्या. बेळगावात उद्यमबागेत काम करणारा कुठलाही इलेक्ट्रिशियन हे डोळे मिटून करेल. पाणी आणि वीज एकाच खोलीत आहेत, तेव्हा चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आधी, बाकी सगळं नंतर.

कोणाला किती ऊब, किती ओल?

बॉल पायथन: गरम टोक ३१ ते ३३, गार टोक २४ ते २७, आर्द्रता ५५ ते ७०. कॉर्न स्नेक: २८ ते ३१ आणि २२ ते २५, आर्द्रता ४० ते ६०. लेपर्ड गेको: बसायचा दगड ३१ ते ३३, हवा ३० ते ४० टक्के, पण ओल्या शेवाळाचा किंवा कोकोपीटचा एक बंद डबा आत हवाच, कात तिथेच निघते. बिअर्डेड ड्रॅगन: ऊन खायची जागा ३८ ते ४२, गार टोक २४ ते २७, कोरडी हवा. हिरवा इग्वाना: गरम जागा ३५ च्या आसपास, आर्द्रता ६५ च्या वर.

खानापूरकडे बिअर्डेड ड्रॅगन पाळायचा म्हटलं की मी लोकांना दोनदा विचार करायला सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला प्राणी, आणि तुम्ही त्याला चार महिने ढगात ठेवणार. अथणीला तोच मजेत राहतो. उलट क्रेस्टेड गेकोला २२ ते २६ अंश आणि भरपूर ओल लागते, म्हणजे बेळगावचा पावसाळा त्याला आयता. फक्त एप्रिल-मेमध्ये त्याचे हाल होतात, २८ च्या वर त्याला सोसत नाही.

हिवाळ्यात ओल कशी वाढवायची? फवारा मारला की तासाभरात परत ३५ वर येतं.

फवाऱ्याने पृष्ठभाग भिजतो आणि लगेच सुकतो. ओल साठवणारं काहीतरी तळाशी हवं. रोपवाटिकेत मिळणारी कोकोपीटची वीट भिजवून, मुठीत दाबल्यावर पाणी टपकणार नाही इतकी पिळून, तीन-चार इंचांचा थर द्या, खाली मॅट असेल तिथे मात्र पातळच. पाणी वरून शिंपडू नका, कोपऱ्यातून ओता. खालचा थर ओला आणि वरचा हाताला कोरडा लागला पाहिजे. वरचाच थर ओला राहिला तर पोटाचे खवले कुजतात.

पाण्याचं भांडं गार टोकाकडून गरम टोकाच्या जवळ सरकवा. भांडं पसरट घ्या, कारण बाष्पीभवन पाण्याच्या पृष्ठभागावर अवलंबून असतं, भांडं किती खोल आहे यावर नाही. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून थर्मोकोल लावला तर हीटर कमी वेळ चालतो आणि काचेच्या आतल्या बाजूला पाणी धरत नाही.

ह्युमिडिफायर वापरणारच असाल तर पाणी बघा. चिकोडी, रायबाग, अथणीकडचं बोअरचं पाणी जड असतं, आणि अल्ट्रासोनिक ह्युमिडिफायर त्यातले क्षार हवेत उडवतो. चार दिवसांत काचेवर, पानांवर, टीव्हीवर पांढरी पूड दिसते आणि तीच प्राण्याच्या फुप्फुसात जाते. आरओचं किंवा गाळून ठेवलेलं पावसाचं पाणी वापरा. ह्युमिडिफायरची टाकी दोन दिवसांआड घासून धुवा.

ओलं गोणपाट हीटरसमोर टांगायची युक्ती आपल्याकडे बरेच जण करतात. काम करते. पण गोणपाट रोज धुऊन उन्हात वाळवणार असाल तरच, नाहीतर तिसऱ्या दिवशी खोलीला कुबट वास सुटतो. आणि हीटरवर ते कधीच टाकू नका.

सल्काटाच्या पिल्लांबद्दल थोडं जास्त. ‘वाळवंटातलं कासव, त्याला कोरडंच हवं’ हा समज अजून जात नाही. पिल्लं कोरड्या हवेत वाढली तर पाठीवर उंचवटे येतात, आणि यात आहारापेक्षा आर्द्रतेचा वाटा मोठा असल्याचं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. निसर्गात ती बिळात राहतात आणि बिळात ओल असते. त्यांना ओलसर लपण हवं आणि रोज कोमट पाण्यात बसवणं हवं.

आम्ही खानापूर तालुक्यात. जून ते सप्टेंबर आर्द्रता ९० च्या खाली येतच नाही. काय करायचं?

गारठा आणि ओल एकत्र आली की सापांना श्वसनाचा संसर्ग होतो. ओल एकटी बहुतेकांना चालते, गारठाही थोडा चालतो, पण दोन्ही मिळून नाही. त्यामुळे इथे पावसाळ्यात हीटर आर्द्रता कमी करण्यासाठी लावायचा. खोली बाहेरपेक्षा पाच-सहा अंश गरम ठेवलीत तरी ९५ चे ६५-७० होतात, वर हिशोब दिलाच आहे.

खिडकी पूर्ण बंद करू नका. प्राणी, पाण्याची भांडी आणि माती यांची ओल आतच कोंडते. वर एक आणि खाली एक छोटी जाळीदार फट ठेवा, गरम हवा वरून निघते आणि तिच्याबरोबर ओल जाते. टाक्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. जांभ्या दगडाच्या भिंती पावसात गार आणि ओल्या असतात, त्यांना टेकलेल्या टाकीची मागची काच सतत घामेजलेली राहते.

पावसाळ्यात मातीचा थर पातळ करा. लेपर्ड गेकोच्या टाकीत सरळ फरशी किंवा कागद घाला. अगरबत्ती, धूप, मच्छर कॉइल या खोलीत नको. ओला वास मारायला लोक धूप जाळतात आणि दुखणं वाढवतात.

कारवारच्या बाजूला, समुद्राकाठी, हा प्रश्न अर्धाच उरतो. तिथे रात्र फार गार होत नाही, नुसतं हवा खेळती ठेवायचं बघा.

उसाचं चिपाड आणि भाताचं तूस फुकट मिळतं. टाकीत घालू का?

चिपाडात साखर उरलेली असते. ऊब आणि ओल मिळाली की ते आंबतं आणि आठवड्यात बुरशी धरतं. तुसाची टोकं टोचतात आणि धूळ होते. दोन्ही नको. नारळाच्या सोडणाचे तुकडे उकळून वाळवून घाला, तेही स्वस्तच पडतात.

आमच्या घरी विड्या वळतात. त्याच खोलीच्या मागे टाक्या आहेत.

निपाणीहून हा प्रश्न येतो आणि तो महत्त्वाचा आहे. तंबाखूतलं निकोटिन विष आहे, कीटक मारायला ते पूर्वी वापरत. तंबाखूची पूड हवेतून पाण्याच्या भांड्यात पडते, हाताला लागून खाद्यावर जाते. खायला ठेवलेले रातकिडे उगाच मरायला लागले तर आधी इथे बघा. टाक्या दुसऱ्या खोलीत हलवा, मधलं दार बंद ठेवा आणि विडीकाम केलेल्या हातांनी साबण लावल्याशिवाय प्राण्याला शिवू नका.

हायग्रोमीटर खरं सांगतो की नाही कसं कळणार?

मिठाने. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चमच्याने थोडं पाणी घालून चिखल करा, विरघळू देऊ नका. झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद डब्यात ठेवा, रात्रभर. सकाळी ७५ दिसलं पाहिजे. ६९ दिसलं तर तुमचा हायग्रोमीटर सहा टक्के कमी सांगतो, तसा कागद चिकटवून टाका. काट्याचे गोल हायग्रोमीटर दिसायला छान, पण त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

टाकीत तो गार टोकाला, प्राण्याच्या उंचीवर ठेवा. झाकणाला चिकटवलेला हायग्रोमीटर झाकणाची आर्द्रता सांगतो.

लाईट गेली की? पावसात झाड पडलं तर दुसऱ्या दिवशीच येते.

१२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, हाती १२००-१३०० येतात असं धरा. हजार वॅटचा ऑइल हीटर ती तासाभरात संपवेल. एकूण ६० वॅटच्या मॅट रात्र काढून वर उरतील. म्हणून इन्व्हर्टरवर फक्त मॅट, खोलीचा हीटर नाही.

तेही संपलं तर गोव्याहून मासे येतात तो थर्मोकोलचा डबा कामाला येतो. मासळीवाल्याकडून एक घेऊन, साबणाने धुऊन, वास जाईपर्यंत उन्हात ठेवा. प्राणी कापडी पिशवीत, शेजारी टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, डब्याला दोन-चार भोकं. निरोगी प्रौढ साप एक रात्र २० अंशांत काढू शकतो. फक्त नुकतंच खाऊ घातलेलं नसावं, गारठ्यात पचन थांबतं आणि तो उलटी करतो. रात्री मोठा पाऊस येणार असं दिसलं तर त्या दिवशी उपास घडवा.

गृहज्योतीत (कर्नाटकाची घरगुती मोफत विजेची योजना) हे सगळं बसेल का?

हजार वॅटचा हीटर दिवसातून सरासरी ४० टक्के वेळ चालला तर रोज साडेनऊ युनिटच्या वर, महिन्याला जवळपास २९० युनिट होतात. योजनेची २०० युनिटची हद्द एकट्या हीटरनेच ओलांडली, आणि ती ओलांडली की बिल पूर्ण भरावं लागतं. सहा टाक्यांना प्रत्येकी ४० वॅट, निम्मा वेळ धरले तर महिन्याला ८५-९० युनिट. तेवढ्यातही तुमच्या नावावर ठरलेली फुकट युनिटं कमी असतील तर वरचे पैसे द्यावे लागतील. भाडेकरू असाल तर मालकाशी आधीच बोला, बिल आल्यावर नको.

घर कौलारू आहे. ऊब टिकतच नाही.

मंगळुरी कौलांच्या फटींतून गरम हवा सरळ वर निघून जाते. खोलीवर फॉल्स सीलिंग करणं सर्वांत चांगलं. ते जमत नसेल तर वाशांखाली ताडपत्री ताणा. उघडं थर्मोकोल आढ्याला लावू नका, ते पेट घेतं, आणि उंदीर त्यात घर करतात. उंदराच्या मागे मांजर येतं, आणि मग खोलीत वेगळाच खेळ सुरू होतो.

उन्हाळ्याचं काय?

एप्रिलमध्ये स्लॅबखालची खोली दुपारी ३७-३८ अंशांवर गेली तर गार टोकच शिल्लक राहत नाही. तेव्हा दिवे दुपारी बंद करा, थर्मोस्टॅट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अथणी-रायबागकडे हवा कोरडी असल्यामुळे कूलर किंवा वाळ्याचे पडदे खोली खरंच गार करतात. वळीव सुरू झाला की कूलर नुसती ओल वाढवतो. एसी लावलात तर ओल काढून घेतो, पाण्याची भांडी वाढवा.

काही बिघडलंय हे प्राण्यावरून कसं ओळखायचं?

तोंड उघडून श्वास, नाकाशी बुडबुडे, श्वासाला शिट्टी: गारठा आणि ओल जास्त झाली, डॉक्टरकडे न्या. कात तुकड्यांत निघते, डोळ्यांवरची पातळ कात तशीच राहते: ओल कमी. ती नखाने काढायला जाऊ नका, ओलसर डब्यात दोन तास ठेवा. पोटावर तांबूस फोड: जमीन ओली. दिवसभर पाण्यात बसून राहणं: खोली गरम झाली असेल किंवा अंगावर गोचीडवजा माइट असतील, दोन्ही बघा. जनावरांच्या दवाखान्यात बहुतेकांना गाई-म्हशींची सवय असते, म्हणून जाताना तापमान आणि आर्द्रतेची आठवडाभराची नोंद बरोबर न्या. डॉक्टरांना निम्मं तिथेच कळतं.

गणपतीत आठ दिवस गावी जायचंय. शेजारच्या मुलाला काय सांगून जाऊ?

भांड्यात पाणी भर, दोन आकडे बघ, फोटो पाठव, एवढंच. फवारा त्याच्या हाती देऊ नका, प्रेमाने तो दिवसातून पाच वेळा मारतो. थर्मोस्टॅटच्या बटणांवर चिकटपट्टी लावा. प्रौढ सापाला जायच्या आधी खाऊ घालायची गरज नाही, आठ दिवस तो सहज उपाशी राहतो. पिल्लं किंवा गेको असतील तर खाद्य मोजून, दिवस लिहिलेल्या डब्यांत भरून जा. आणि लाईट गेली तर थर्मोकोलचा डबा कुठे ठेवलाय, हे त्याच्या आईलाही सांगून ठेवा.